निळ्या फितीचं पुष्पचक्र

व्हॅलेटाच्या बंदरात जहाज शिरायला लागलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते, आणि चेन्सू मिझी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून डेकवर कधीचा उभा होता. बाकीचे प्रवासी विस्कटलेल्या केसांनी, हातात कॉफी घेऊन आलेले. पिवळ्या दगडाचे बुरूज दोन्ही अंगांनी जवळ येत होते आणि दर बुरुजाला कोणी ना कोणी ‘वा!’ म्हणत होतं. चेन्सूच्या तोंडून ‘वा’ काही निघालं नाही. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी तो याच पाण्यातून बाहेर गेला होता, वीस वर्षांचा, एक ट्रंक घेऊन. वरच्या बागेच्या कठड्याला तेव्हा माणसांची रांग लागलेली, आणि त्या रांगेत आपली आई कोणती हे पोराला लांबून कळावं म्हणून आईने घरची पांढरी चादर आणून हलवली होती. चादर लहान होत होत रुमालाएवढी झाली, तोवर तो बघत राहिला होता. आज त्याने त्या कठड्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली.

“उभाच राहणारेस का? चल, खाऊन घे,” मागून चेत्ता म्हणाली. “तुझा भाऊ अकराला भेटणार. तोवर उपाशी राहून त्याच्यावर उपकार करणारेस का?”

चेत्ता त्याची बायको. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांच्या मुलीने, टोरांटोच्या रोमिनाने, दोघांना या भूमध्य समुद्राच्या सफरीवर धाडलं होतं. दहा दिवस, सहा बंदरं, आणि पाचवं बंदर माल्टा. ‘आपलं गाव बघून या,’ असं रोमिना म्हणाली होती. आईबाप इतकी वर्षं गावाचं नाव का काढत नाहीत हे तिला कधी कोणी नीट सांगितलं नव्हतं. सांगून तिला पटलंही नसतं. बर्फात वाढलेली पोर ती.

खाण्याच्या हॉलमध्ये माणसं ताटं घेऊन लग्नाच्या पंगतीसारखी फिरत होती. चेत्ताने दोन अंडी, पाव आणि एक पीच घेतला आणि खिडकीजवळची जागा पकडली. तिने राखाडी झगा घातला होता. कपाटात नवा निळा होता, रोमिनाने खास या सफरीसाठी घेतलेला.

“निळा घालायचा होतास. तुला शोभतो,” चेन्सू म्हणाला.

“आज? विजीला मी निळ्यात दिसले तर कॉफी यायच्या आधी उठेल तो. रोममध्ये घालीन उद्या. पोपला चालतो निळा.”

ती हसली. चेन्सूने पाव मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

हाल-निक्लूस हे त्यांचं गाव. चार गल्ल्या, एक चर्च आणि दोन बँड. बाहेरच्या माणसाला यात काय बिघडलं ते कळत नाही, आणि आमच्या बेटावरच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. सान मार्तिनचा बँड लाल, मेरी मातेचा निळा. जत्रेत लालवाल्यांनी पन्नास मिनिटं फटाके उडवले की निळेवाले साठ मिनिटं उडवणार. लाल गल्लीतला माणूस निळ्या गल्लीतल्या न्हाव्याकडे डोकं देत नाही, आणि देव एकच आहे यावर दोघांचंही एकमत. मिझींना गावात ‘ढोलवाले’ म्हणत, कारण चेन्सूचा बाप नार्दू चाळीस वर्षं सान मार्तिनच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. चेत्ता निळ्या गल्लीतली, तिचा बाप निळ्या बँडच्या क्लबाचा सेक्रेटरी. गावात राहिले असते तर या दोघांचं लग्न सात जन्मांत झालं नसतं. टोरांटोत झालं. म्हाताऱ्या नार्दूने तारेने आशीर्वाद पाठवला आणि खाली लिहिलं, ‘पोरं लाल होऊ देत.’ इतकं ते गमतीत निभावलं होतं.

मग एकतीस वर्षांपूर्वी नार्दू वारला.

लोकांना ठाऊक असलेली हकीकत अशी. टोरांटोहून धाकट्या मुलाला पोचणं शक्य नव्हतं, अंत्यविधी दुसऱ्याच दिवशी होता. सुनेने व्हॅलेटातल्या एका फुलवाल्याला फोन करून पुष्पचक्र सांगितलं. ते आलं, चर्चमध्ये शवपेटीवर ठेवलं गेलं, आणि बघतात तर सगळं निळं. फुलं निळी, फीत निळी, फितीवर सोनेरी अक्षरांत ‘लाडक्या बाबांना’. सान मार्तिनच्या बँडने वाद्यं खाली ठेवली. ते शवपेटीवर असेतो एक सूर निघणार नाही म्हणाले. शेवटी थोरल्या मुलाने, विजीने, सगळ्या गावादेखत ते उचललं, चर्चच्या मागच्या भिंतीशी नेऊन टाकलं, आणि मग चाळीस वर्षं ढोल वाजवलेल्या माणसाची शेवटची मिरवणूक पाऊण तास उशिरा निघाली. निळ्या क्लबात त्या संध्याकाळी चेत्ताच्या नावाने पेले उंचावले गेले. विजीचं पत्र आलं, ‘तुझ्या बायकोने आमच्या बापाला शेवटच्या दिवशी निळं नेसवलं.’ त्यानंतर पत्र नाही, फोन नाही.

चेन्सूला ठाऊक असलेली हकीकत वेगळी होती, आणि ती जगात त्याला एकट्याला ठाऊक होती. चेत्ताने लालच सांगितलं होतं. स्वयंपाकघरातून फोनवर ‘लाल, सगळं लाल’ असं तिने दोनदा सांगितलेलं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग तो कामावर गेला, ट्रामच्या कारखान्यात, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याने फोन लावला. बाप तीन महिने अंथरुणावर होता आणि विजीने ते कळवलं नव्हतं. कळवलं ते थेट मेल्यावर. चेन्सूच्या डोक्यात सकाळपासून आग होती. ‘मिझींच्या घरून बोलतोय,’ तो फुलवाल्याला म्हणाला, ‘ते पुष्पचक्र निळं करा. सगळं.’ विजीचं नाक गावासमोर कापावं एवढंच त्याच्या मनात होतं. ते ठेवलं जाईल बापावर, हे फोन खाली ठेवल्यावर अर्ध्या तासाने त्याच्या ध्यानात आलं, आणि तोवर तिकडे दुकान बंद झालं होतं. वड्याचं तेल वांग्यावर काढतात म्हणतात. याने बापाच्या शवपेटीवर काढलं.

चेत्ताला तो म्हणाला, फुलवाल्याचीच चूक. विजीलाही तेच लिहिलं. पण विजी त्या फुलवाल्याकडे स्वतः जाऊन आला होता, आणि तिथल्या वहीत ‘मिझींच्या घरून, निळं’ एवढंच लिहिलेलं त्याला दिसलं होतं. मिझींच्या घरात निळं माणूस एकच.

पुढे चेत्ताची आई गेली तेव्हा चेत्ता एकटीच गावी जाऊन आली. लाल गल्लीतून जाताना दारात बसलेल्या बायकांनी खुर्च्या उचलून भिंतीकडे तोंडं केली. हे तिने परतल्यावर एकदाच सांगितलं, आणि सांगताना ती बटाटे सोलत होती. तेव्हाही चेन्सू बोलला नाही. पहिल्या वर्षी बोलायला लाज वाटली, दहाव्या वर्षी उशीर झालेला वाटला, आणि पुढे तर गप्प राहण्याचीच सवय जडली. माणूस भित्रा असला की त्याला वर्षं पुरतच नाहीत.

या सफरीआधी त्याने विजीला पत्र टाकलं. उत्तराला एक कार्ड आलं. ‘अकरा वाजता. वरची बाग. तिलाही आण. विजी.’

बागेत ते साडेदहालाच जाऊन बसले. धक्क्यावरून लिफ्टने वर यायला मिनिटसुद्धा लागत नाही. कमानींखाली सावली होती, खाली सगळं बंदर, आणि त्यात त्यांचं जहाज आसपासच्या बुरुजांपेक्षाही उंच दिसत होतं. जहाजावरचे बरेच जण कठड्याशी उभे राहून आपापली खिडकी शोधत होते. चेत्ताने चपला काढून पाय गार फरशीवर ठेवले.

“किती बरं वाटतंय,” ती म्हणाली. “आपण इथे तरुणपणी कधी बसलोच नाही रे.”

“मला तुझ्या बापाने बसू दिलं असतं?”

“ढकलून दिलं असतं खाली.”

विजी बरोबर अकराला आला. ब्याऐंशीचा, हातात काठी, गळ्यात लाल टाय, खांद्याला कापडी पिशवी. चेन्सू उठला. दोघे एकमेकांपासून हातभर अंतरावर थांबले, आणि मग विजीने काठी डाव्या हातात घेऊन भावाचा गाल दोनदा थोपटला.

“म्हातारा झालास की रे,” विजी म्हणाला.

“आणि तू काय कोवळा राहिलास?”

“मी इथे झालो म्हातारा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तू तिकडे लपून झालास.”

चेन्सूला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. बापाची हनुवटी समोर उभी होती. तीच बोलण्याआधी नाक ओढायची सवय. एकतीस वर्षं आपण याच्याशिवाय कशी काढली, असं त्याला मनापासून वाटलं.

विजी चेत्ताकडे वळला. हात पुढे केला नाही, पण मान लववली. ते तिघे बसले. पेल्यांतून कॉफी आली. मुलं, नातवंडं, गुडघे, साखर, कोण गेलं, कोण कुठे विकून गेलं, असं सगळं निघालं. गावात ढोल आता विजीचा नातू वाजवतो, हे ऐकून चेन्सूने टेबलावर बोटांनी ठेका धरला, आणि विजीने डोळे मिटून तो चूक असल्याचं सांगितलं. बारा वाजत आले तेव्हा विजीने पिशवी मांडीवर घेतली.

“हे बघा,” तो म्हणाला. पिशवीत लाल मखमल होती, सोनेरी किनारीची. सान मार्तिनच्या क्लबाचा मोठा झेंडा.

“जत्रेशिवाय हा बाहेर काढला?” चेन्सूचा विश्वासच बसेना.

“गावाबाहेर पहिल्यांदा. कमिटीची बैठक बोलावली. तुमचं जहाज निघेल तेव्हा मी त्या कठड्याशी उभा राहून हा फडकवणार, आईने चादर हलवली होती तसा. बाबांचा मुलगा चाललाय, त्याला क्लबाने निरोप द्यायचा. मी म्हटलं, मला अजून एखादं वर्ष मिळेल न मिळेल, तेवढं करू द्या.” विजीने झेंड्याची घडी पुन्हा बसवली. “सहा जण हो म्हणाले, पाच नाही. त्या पाचांना वाटतं, ज्या घरातून ते निळं आलं त्या घराला आपला झेंडा कशाला? मी त्यांना शब्द दिलाय.”

“कसला शब्द?” चेन्सूने विचारलं, पण त्याला कळलं होतं.

विजी चेत्ताकडे न बघता म्हणाला, “तिने एकदा तोंडाने म्हणावं. चुकलं म्हणावं, एवढंच. मी राग कधीच सोडलाय. रक्तच निळं, ती तरी काय करणार? पण बाबांसाठी म्हणावं.”

शेजारच्या टेबलावर कोणीतरी कॅमेऱ्यासाठी दात काढत होतं. चेन्सूने कॉफीच्या पेल्याला हात लावला, तो रिकामा होता. बोलायचं असेल तर आत्ता, हे त्याला कळत होतं. विजीच्या मांडीवर ती मखमल, विजीच्या चेहऱ्यावर बापाची हनुवटी, आणि हे सगळं तासाभरापूर्वी मिळालेलं. सांगितलं की गेलं.

चेत्ताने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर जे होतं ते तिने भावाची माया समजून घेतलं. तिने चपला पायांत सरकवल्या, कारण अनवाणी असं काही बोलू नये असं तिला वाटलं असावं, आणि ती उभी राहिली.

“विजी,” ती म्हणाली, “तुमच्या बाबांनी मला कधी निळी म्हणून हिणवलं नाही. त्यांच्या शेवटच्या दिवशी माझ्यामुळे त्यांचा बँड थांबला. माझं चुकलं. मला माफ करा.”

त्याच क्षणी खालच्या तटावरून बाराची तोफ उडाली. प्रवासी दचकले, मग हसले, टाळ्या वाजल्या. कबुतरं उडून परत बसली. तोफेचा आवाज विरेपर्यंत विजीही उठून उभा राहिला होता. त्याने चेत्ताचे दोन्ही हात धरले.

“झालं,” तो म्हणाला. “संपलं. आता जेवायचं.”

खरोखरच मग दुपार मजेत गेली. विजीने पास्तित्सी आणल्या, चीजच्या आणि वाटाण्याच्या, गरम, कागदातच तेल सोडणाऱ्या. चेत्तासाठी त्याने दोन जास्त आणल्या आणि तिच्या झग्यावर पडलेला चुरा झटकायला आपला रुमाल दिला. चर्चच्या घड्याळाखालच्या सावलीत ते हळूहळू चालले, दर वीस पावलांनी कोणाच्या ना कोणाच्या गुडघ्यासाठी थांबत. “हिला मी बसवून ठेवतो, तू जा तुझ्या जहाजावर,” असं विजी एकदा म्हणाला, आणि चेत्ता लहान मुलीसारखी हसली. चेन्सूने तिला माल्टाच्या मातीवर असं हसताना पाहिलंच नव्हतं.

निरोप घेताना विजीने खिशातून मोठ्या आकड्यांचा फोन काढला. “सुनेने दिलाय. वाजला तर घेतो, मला लावता येत नाही. नंबर लिहून घ्या.” चेत्ताने तो आपल्या छोट्या वहीत लिहिला आणि त्याला वाचून दाखवला.

तीनच्या सुमाराला ते जहाजावर परतले. सगळ्यांनी साडेचारच्या आत यायचं होतं, पाचला जहाज सुटणार होतं. वरच्या डेकवर तळ्याकाठी आरामखुर्च्या होत्या, पाण्यात पोरं होती, तिघा वादकांचा संच काहीतरी संथ वाजवत होता. चेत्ताने सुजलेले पाय खुर्चीवर पसरले, टोपी तोंडावर ओढली आणि झोपली. चेन्सूने लिंबाचं सरबत मागवलं आणि प्यायला नाही. चारची तोफ झाली. खाई त्याला खवखवे. इतकी वर्षं खवखव टोरांटोत होती, गावापासून समुद्रापलीकडे. आता ती डोळ्यांसमोर टोपीखाली झोपली होती.

चेत्ता जागी झाली ती हसतच.

“एका वाक्यात मिटलं की रे,” ती म्हणाली. “एवढंच हवं होतं त्याला, तर मी तीस वर्षांपूर्वीच म्हटलं असतं.”

“तू कशाला म्हटलं असतंस? तू काही केलं नव्हतंस.”

तिने टोपी कपाळावर सरकवली.

“खरं सांगू? आता मला तशी खात्री नाही. तो फोन मी हजारदा मनात बोलून बघितलाय. आधी लाल स्पष्ट आठवायचं. गेली काही वर्षं आठवतच नाही. मला वाटतं, माझ्याच तोंडून निळं गेलं असणार. लहानपणापासून जिभेवर तेच बसलेलं. म्हणून आज म्हणताना मला जड गेलं नाही. खोटं म्हटल्यासारखं वाटलंच नाही.”

हे मात्र चेन्सूला सोसलं नाही. तिने दोष घेतला होता ते एक, पण तिने तो खरा मानला होता. त्याने तिची आठवणसुद्धा तिच्याकडून काढून घेतली होती. भोंगा वाजला. दोर सुटले, डेक पायाखाली किंचित थरथरला, लोक कठड्याकडे धावले.

“तू लाल म्हणालीस,” तो म्हणाला. “दोनदा. मी दारात उभा होतो.”

“तू उभा होतास?”

“त्या दिवशी दुपारी मी कारखान्यातून फोन केला. निळं मी सांगितलं, चेत्ता. विजीचा राग होता मला. मीच सांगितलं.”

तिने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची किनार एका बाजूने नीट केली.

“माझी आई गेली तेव्हा,” ती म्हणाली, “मी त्या गल्लीतून चालत गेले.”

“माहीत आहे.”

“त्यांनी खुर्च्या फिरवल्या. तू माझ्या तोंडून ते ऐकलंस. आणि मग जेवायला बसलास.”

“हो.”

“आणि आज सकाळी?”

“आज सकाळीसुद्धा,” चेन्सू म्हणाला.

चेत्ता उठली. हात धरायला त्याने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. गर्दीतून वाट काढत ती कठड्याशी गेली आणि तो मागोमाग गेला. जहाज धक्क्यापासून सुटून बंदराच्या मध्यात आलं होतं. वरच्या बागेच्या कठड्यावर माणसांची रांग होती, आणि रांगेत एक लाल ठिपका, वाऱ्यावर सोनेरी किनार चमकणारा. विजी तो दोन्ही हातांनी उंच धरून डावी-उजवीकडे हलवत होता. ब्याऐंशीच्या माणसाला ते किती वेळ झेपणार!

“बघा, बघा, कोणासाठी तरी झेंडा!” शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली.

चेत्ताने पर्समधून वही काढली, पान उघडलं आणि चेन्सूपुढे धरलं.

“लाव.”

“आत्ता? चेत्ता, त्याला आत्ता... रोमहून लावतो. उद्या. शांतपणे सांगतो.”

“तो तिथे झेंडा धरून उभा आहे. कोणासाठी उभा आहे ते त्याला कळू दे. लाव.”

त्याने लावला. बोटं दोनदा चुकली. वर कठड्यावर तो लाल ठिपका डगमगला, एका हातात आला, आणि कानात विजीचा आवाज आला, धाप लागलेला, आनंदाने ओरडणारा. “दिसतोय का? दिसतोय का रे?”

“दिसतोय,” चेन्सू म्हणाला. “विजी, ऐक. ते पुष्पचक्र. चेत्ताने लाल सांगितलं होतं. निळं मी केलं. तुझ्यावर राग होता. तिला काही माहीत नव्हतं, आत्ता सांगितलं तिला.”

फोनवर नुसता वारा होता. वर झेंडा हळूहळू खाली आला आणि कठड्यामागे दिसेनासा झाला. विजीची आकृती तेवढी राहिली, काडीएवढी.

“का?” विजीने विचारलं.

“बाबा तीन महिने आजारी होते. तू कळवलं नाहीस.”

“बाबांनी कळवू दिलं नाही,” विजी म्हणाला. “रोज विचारायचो मी. म्हणायचे, पोरगं काम टाकून येईल, तिकडे त्याची नोकरी जाईल. मी येशूची शपथ घातली होती त्यांना. त्यांनी मलाच उलट शपथ घातली.” त्याचा श्वास ऐकू येत होता. “मी ते पुष्पचक्र दोन्ही हातांनी उचललं, चेन्सू. सगळ्यांसमोर. आणि ती आज माझ्यासमोर उभी राहिली, आणि तू बसून होतास.”

“विजी...”

“तिला दे फोन.”

चेन्सूने फोन चेत्ताला दिला. तिने तो कानाला घट्ट लावला आणि दुसरा कान हाताने झाकला. पलीकडून काय बोलणं झालं ते त्याला ऐकू आलं नाही. ती फक्त ऐकत होती. मधेच तिच्या डोळ्यांतून पाणी गालांवर, हनुवटीवर आलं. ते तिने पुसलं नाही. “हो, विजी,” ती म्हणाली. मग, “नाही, तुम्ही कशाला?” आणि शेवटी अगदी हळू, “येईन. मी येईन.”

तिने फोन परत दिला. चेन्सूने तो कानाला लावला. बंद होता.

“मला काय म्हणाला?”

“तुला काही नाही म्हणाला.”

जहाज आता बागेच्या बरोबर खाली आलं होतं. पुढे खालची बाग, मग बंदराच्या तोंडावरची लांब भिंत, मग समुद्र. कठड्यावर ती काडीएवढी आकृती वाकली, सावकाश सरळ झाली, आणि लाल मखमल पुन्हा वर आली. या वेळी ती आधीपेक्षा उंच होती. शेजारच्या कोणीतरी विजीच्या काठीला झेंडा बांधून दिला असावा.

चेन्सूचा हात आपोआप वर गेला. चेत्ताने त्याचं मनगट धरलं आणि खाली घेतलं, रागाने नाही, टेबलावरून भांडं उचलावं तसं.

“ते तुझ्यासाठी नाही,” ती म्हणाली. “माझ्यासाठी आहे.”

आणि सान मार्तिनचा झेंडा दिसेनासा होईपर्यंत निळ्या गल्लीतली चेत्ता एकटीच हात हलवत उभी राहिली. चेन्सू तिच्या शेजारी होता, दोन्ही हात खाली सोडून.